ज्वारी एकटी गेली नाही

दुर्गादेवीच्या दुष्काळात दामाजीपंतांनी मंगळवेढ्याचे सरकारी कोठार उपाशी रयतेला लुटवले, आणि त्याची भरपाई करायला पंढरीचा विठ्ठल विठू महाराच्या वेशात बेदरच्या दरबारी गेला. ही कथा कीर्तनांतून घरोघर पोचलेली आहे. कोठारात धान्य कोणते होते, हे मात्र कोणी विचारत नाही. थंडीच्या दिवसांत मंगळवेढ्याच्या शिवारात उभे राहिले की विचारायची गरजही उरत नाही. भीमेच्या दक्षिणेकडची ती काळी, सपाट जमीन, आणि तिच्यात माणूस दिसेनासा होईल एवढी उंच ज्वारी. 'ज्वारीचे कोठार' ही या तालुक्याची जुनी ओळख. २०१६ साली इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. याच तालुक्यात रेशन कार्डावर येतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. २०२३च्या जानेवारीपासून तो फुकट आहे. म्हणजे दामाजींच्या गावात आज कोठार उघडले जाते ते परराज्यांतून मालगाडीने आलेल्या धान्याचे.

यात वाईट काय, असे कोणी विचारेल, आणि प्रश्न रास्त आहे. फुकटच्या धान्याने उपासमार टळते. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला त्याची किंमत सांगावी लागत नाही. ज्वारीची आरती ओवाळावी, 'आजीच्या काळी सगळे कसे छान होते' असे उसासे टाकावेत, असाही माझा बेत नाही. आजीच्या काळी बाळंतपणात बायका मरत होत्या. मला पाहायचे आहे ते वेगळेच. साठ वर्षांत महाराष्ट्राच्या ताटातले एक धान्य बदलले. ते बदलले तेव्हा रानात काय बदलले, पाण्याचे काय झाले, आणि खाणाऱ्याच्या अंगात काय उतरले?

आधी रान. सोलापूरच्या या भागात वर्षाचा पाऊस ५००-६०० मिलिमीटरच्या घरात, तोही लहरी. भरवशाचा पाऊस म्हणजे परतीचा. उत्तरा-हस्ताच्या पावसाने काळी जमीन पोटभर भिजली की तिफण निघते. त्यानंतर आभाळातून थेंब आला नाही तरी चालते. खोल काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर पीक माघ-फाल्गुनापर्यंत निभावते. या हंगामाची राणी मालदांडी. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात गावठी वाणातून निवड करून काढलेले हे वाण, 'मालदांडी ३५-१', अजून रब्बीत टिकून आहे. दरम्यान किती सुधारित वाणे आली आणि गेली. मालदांडी टिकली, कारण तिचा दाणा टपोरा, मोत्यासारखा, भाकरी गोडसर, आणि कडबा उंच. कडब्याकडे शहरातला माणूस लक्ष देत नाही. शेतकरी मात्र दाणे माणसांना आणि कडबा जनावरांना, असा दुहेरी हिशेब मांडूनच ज्वारी पेरतो. दुष्काळी वर्षात कडब्याच्या पेंढीला असा भाव येतो की दाणे जणू वरकमाई.

पण तिची काढणी! ज्वारीवर लेख लिहिणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी ती जवळून पाहावी. रब्बी ज्वारी बरेच ठिकाणी कापत नाहीत, उपटतात. पहाटे निघायचे, कारण दंवाने पाने मऊ असतात. ऊन चढले की तीच पाने करवतीसारखी हात कापतात. दोन्ही हातांनी धाट धरायचे, कंबरेतून हिसडा द्यायचा, मुळांची माती झटकायची, आडवे टाकायचे, पुढचे धरायचे. हाताला जुने फडके नाहीतर पायमोजे गुंडाळलेले. मागून बायका बसून कणसे खुडतात, मग पेंढ्या बांधायच्या, बुचाडे रचायची. या कामाला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर त्याची मजुरी ज्वारीला झेपत नाही. सोयाबीनला मळणीयंत्र आहे, गव्हाला कंबाइन आहे. कंबाइन ज्वारीतही घालता येतो, पण तो कणसे घेतो आणि कडब्याचा चुरा करतो. अर्धे पीक मातीत.

आता या रानात ज्वारीबरोबर कोण कोण होते ते पाहू. त्यासाठी उत्तम दिवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूर, धाराशिव आणि सोलापूर-बीडच्या काही भागांत मार्गशीर्ष अमावस्येला गावेच्या गावे ओस पडतात, कारण सगळे शेतात. बोलीत हिला येळवस म्हणतात. उभ्या ज्वारीत कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पांडव मांडायचे, पूजा करून शिवारभर चर शिंपायचा आणि मग जेवायला बसायचे. ताटात भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, ज्वारीच्या पिठाचे आणि ताकाचे आंबील. भज्जीत काय पडते ते एकदा मोजून पाहा: तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, वाल, मेथी, पातीचा कांदा, गाजर, वांगी, जे जे शिवारात हिरवे असेल ते, चिंचेचा कोळ आणि बेसन लावून एकाच भांड्यात शिजवलेले. एखाद्या आहारतज्ज्ञाने महिनाभर डोके खाजवून बनवावा असा हा पदार्थ. त्याची पाककृती पुस्तकातून आलेली नाही, रानातून आलेली आहे. ज्वारीत करडईचे पाटे असत, बांधाला तूर, शेजारच्या तुकड्यात हरभरा, जवस. करडईच्या कोवळ्या पानांची भाजी होई आणि बियांचे घाण्यावर तेल. तिच्या काट्यांमुळे कडेच्या ओळी ज्वारीला कुंपणाचे कामही करीत. ज्वारीत तण म्हणून पाथरी उगवे, ती हुरड्याबरोबर कच्चीच खायची. तांदुळजा, घोळ यांना कोणी पेरत नव्हते, पण खुरपायला गेलेल्या बाईच्या ओट्यात संध्याकाळची भाजी घरी येई.

आज वेळ अमावस्या तितक्याच हौसेने होते, पण भज्जीचा भाजीपाला बहुतेकांच्या घरी बाजारातून येतो. शेतात एकतर ऊस उभा आहे, किंवा सोयाबीन निघून गेल्यावरचा हरभरा. आणि तणनाशक मारलेल्या रानातली पाथरी खायची छाती कोणाची होणार?

ज्वारी हटली कशी, याचे उत्तर 'लोकांच्या आवडी बदलल्या' असे चटकन दिले जाते. मला ते पटत नाही. आवड भावामागे चालते. स्वातंत्र्यानंतरची पहिली दोन दशके टंचाईची. १९५६ साली अमेरिकेशी 'पीएल-४८०'चा करार झाला आणि गव्हाची जहाजे मुंबईला लागू लागली. पुढे १९६४ साली 'सीएसएच-१' हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले आणि वसंतराव नाईकांच्या काळात महाराष्ट्राने ते जोमाने उचलले. उत्पादन वाढले खरे, पण ही हायब्रीड खरिपाची. दाणे भरायला आणि परतीचा पाऊस यायला एकच गाठ पडे, आणि कणसे बुरशीने काळी पडत. काळ्या ज्वारीला बाजारात कोण विचारतो? 'हायब्रीड' हा शब्द गावाकडे चवहीन, कमअस्सल या अर्थाने रुळला तो तेव्हापासून. त्यातच १९७२चा दुष्काळ. रेशनवर लाल मिलो आली. दुष्काळी कामांवर खडी फोडताना मिलोची भाकरी आणि सुकडी खाल्लेली पिढी अजून आहे, आणि मिलोचे नाव काढले की तिचा चेहरा अजून वाकडा होतो.

तिकडे पंजाबात हरितक्रांतीने गव्हा-तांदळाचे डोंगर उभे केले. सरकारने ते हमीभावाने विकत घेतले, आणि घेतलेले वाटायचेच होते. रेशनवर गहू-तांदूळ, शाळेच्या खिचडीत तांदूळ. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात तीन भाव लिहिले आहेत: तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये, भरडधान्य एक रुपया. भरडधान्य सर्वांत स्वस्त, पण कागदावर. महाराष्ट्रात अधूनमधून काही जिल्ह्यांत ज्वारी वाटली गेली, इतकेच. बाजारात मात्र चांगली मालदांडी आज गव्हाहून महाग आहे. गरिबाचे धान्य म्हणून जिला नाक मुरडले ती श्रीमंताची झाली, आणि एके काळी सणासुदीला होणारी गव्हाची पोळी गरिबाच्या घरी रोजची झाली.

खरिपातली ज्वारी सोयाबीनने खाल्ली. १९६०च्या सुमारास महाराष्ट्रात ज्वारीखाली ६० लाख हेक्टरांहून अधिक जमीन होती. आता ती २० लाखांच्या आत आहे, आणि त्यात खरिपाचा वाटा नावापुरता. सोयाबीन शेतकऱ्याने घेतले यात त्याची चूक काय? शंभर दिवसांत पीक हाती, रोख पैसा, पाखरांची राखण नाही. पण सोयाबीन मराठवाड्याच्या ताटात येत नाही. त्याचे तेल गाळले जाते आणि पेंड कोंबड्यांना किंवा परदेशी जाते. करडईचेही तेच झाले. काटे, मावा, मजुरी आणि पडलेला भाव, सगळे एकदम अंगावर आले. फलटणला बी. व्ही. निंबकरांच्या संशोधन संस्थेने बिनकाट्याच्या करडईचे संकरित वाणही काढले, पण तोवर खेळ दुसरीकडे गेला होता. १९९४ साली पामतेलाची आयात खुली झाली, पुढे जकात उतरत गेली, आणि आज भारत जगात सर्वाधिक पामतेल आयात करणारा देश आहे. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. इंडोनेशिया-मलेशियात त्यासाठी जंगले तुटली. सोलापूरच्या बांधावरचा काटा गेला आणि बोर्निओतले झाड पडले, एवढा लांबचा हा धागा आहे. पामतेलात संपृक्त चरबी निम्म्याच्या आसपास. बिस्किटे, फरसाण, वडापावची कढई यांतून ती कोणाच्या पोटात किती जाते याचा हिशेब खाणाऱ्याला लागत नाही, कारण तेल दिसतच नाही.

आणि ऊस. केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेच नोंदवले आहे की महाराष्ट्रात पिकांखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी पितो. उसाला २००० ते २५०० मिलिमीटर पाणी लागते, ज्वारीचे ४५०-५०० वर भागते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरकरांनी अनुभवले, मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा. त्या वर्षी देशभरचे कॅमेरे टाक्या मोजत होते. जिल्ह्यातले साखर कारखाने किती आहेत हे फार थोड्यांनी मोजले.

तरीही मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला 'तू ज्वारीच पेर' असे पुण्यात बसून सांगायचा अधिकार मला नाही. तालुक्याच्या दक्षिण भागातल्या गावांनी पाण्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलने केली. पाणी देत नसाल तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या, अशी भाषाही झाली. ढोबळ हिशेब मांडून पाहा. कोरडवाहू रब्बी ज्वारी एकरी चार-पाच क्विंटल. २०२५-२६चा मालदांडीचा हमीभाव ३७४९ रुपये. म्हणजे पंधरा ते एकोणीस हजार, वर कडबा. त्याच हंगामाचा उसाचा एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, टनाला ३५५०. एकरी तीस-पस्तीस टन धरले तर तोडणी-वाहतूक वजा जाता ऐंशी-नव्वद हजार. उसाचा खर्च मोठा, तो रानात उभाही जास्त काळ राहतो, हे खरे. पण कारखाना तो घेणार हे ठरलेले. ज्वारी कोण घेणार, किती भावाने, हे काढणी होईपर्यंत कळत नाही. पाणी आल्यावर ऊस लावणारा शेतकरी हावरट नसतो, त्याला गणित येते.

या गणिताची दुसरी बाजू बीड जिल्ह्यात आहे. जिथे पाणी पोचले नाही आणि ज्वारी-बाजरीवर घर चालेनासे झाले, तिथली माणसे दसरा-दिवाळीनंतर ऊस तोडायला बाहेर पडतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडायची. एक दिवस पडला तर खाडा, आणि खाड्याचा दंड. फडात आडोसा नाही, पाणी नाही. पाळीच्या दिवसांतही मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढायचे. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. सार्वजनिक आरोग्यावरच्या चर्चेत साखर येते ती मधुमेहाच्या संदर्भात. साखरेने केलेला आजार खाणाऱ्याच्या आधी तोडणारीला झालेला असतो.

आता अंगात काय उतरले ते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी निघाली. वयाच्या मानाने खुजी मुले ३५.२ टक्के, आधीच्या फेरीत ती ३४.४ होती. त्याच पाहणीत २३.४ टक्के स्त्रिया वाजवीपेक्षा जाड. एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच घरात, मुलाची वाढ खुंटलेली आणि आईचे वजन वाढलेले. दोघेही अर्धपोटी असतीलच असे नाही. कोठार उघडे आहे. पण कोठारात जे आहे त्याने पोट भरते, रक्त भरत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३च्या अभ्यासाने देशात १० कोटींवर मधुमेही आणि १३ कोटींवर उंबरठ्यावरचे असल्याचे सांगितले.

इथे ज्वारीचे भाट पुढे सरसावतात: बघा, ज्वारी सोडली म्हणून! जरा थांबा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत तंतू १० ग्रॅमच्या आसपास, लोह सुमारे ४ मिलिग्रॅम. गव्हाच्या कोंड्यासकट पिठात तंतू ११, लोह तेवढेच. म्हणजे गिरणीतून दळून आणलेला रेशनचा गहू ज्वारीहून हलका नाही. खरी दरी आहे ती सडीक, पांढऱ्या तांदळाशी: तंतू तिनाच्या आत, लोह एक मिलिग्रॅमही नाही. आणि मैद्याशी. शिवाय ज्वारीला स्वतःचा एक जुना डाग आहे. दख्खनच्या पठारावर, विशेषतः तेलंगणात, नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांत पेलाग्रा आढळे: उन्हाने कातडी सोलणे, जुलाब, भ्रम. हैदराबादला सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६०मध्ये त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्यूसिन या अमिनो आम्लाच्या जादा प्रमाणाशी जोडला. त्यावर पुढे वाद झाले, पण गोष्ट उघड होती. दूध, डाळ, भाजी ताटात असली की तीच ज्वारी बाधत नव्हती. आयुर्विज्ञान परिषदेच्याच २०२५च्या अभ्यासाने आणखी एक फुगा फोडला. भारतीय माणसाच्या उष्मांकांपैकी सरासरी ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात, आणि पांढऱ्या भाताच्या जागी नुसते गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आणून मधुमेहाचा धोका उतरलेला दिसत नाही. पिष्ट कमी करून जागा डाळी-दुधाला दिली तर दिसतो.

थोडक्यात, डॉक्टरांनी सांगितले म्हणून तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या खाणारा शहरी माणूस वेळ अमावस्येच्या ताटातली एकच वस्तू उचलून घेतो. त्या ताटात भज्जीही होती, ताकही होते, आणि करडईचे तेल होते. शेतकऱ्याच्या बाजूने बघितले तर कडबा होता म्हणून गाय होती, गाय होती म्हणून ताक होते, शेणखत होते. आता कडब्याऐवजी उसाचे वाढे खाऊन जनावर जगते, पण वाढ्यातल्या ऑक्झॅलेटने त्याच्या अंगातले कॅल्शियम जाते.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष केले, ते भारताच्याच प्रस्तावावरून. 'श्री अन्न' असे नामकरण झाले, मॉलमध्ये ज्वारीची बिस्किटे आणि नूडल्स आली. बिस्किटात मैदा किती हे डब्याच्या मागच्या बारीक अक्षरांत वाचावे. कारखान्याला ज्वारी अडचणीची, कारण तिच्या पिठात तेलाचा अंश असतो, ते लवकर खवट होते आणि विरी जाते. विरी गेलेल्या पिठाची भाकरी परातीतून उचलतानाच फाटते, हे कोणीही सुगरण सांगेल. म्हणून दळण आठवड्याचेच. आणि भाकरी एकेक, आधणाच्या पाण्यात पीठ मळून, तळव्याखाली मऊ करून, थापून, वरून पाणी फिरवून, तव्यावर आणि मग निखाऱ्यावर. भात एकदा शिजत टाकला की बाई दुसऱ्या कामाला मोकळी. घराघरांतून भाकरी मागे पडली त्यात हे कारण मोठे आहे, आणि भाकरीचे गोडवे गाणाऱ्या पुरुष लेखकांना, मी धरून, ते उशिरा सुचते. सोलापूरच्या बायकांनी यावर स्वतःचा तोडगा काढला. पातळ, कडक भाकरी भाजून, वाळवून, पुडक्यांत बांधून शेंगाचटणीबरोबर विकायची. ती महिनोन्महिने टिकते. आज त्या शहरात त्यावर अनेक घरे चालतात.

उरतो सरकारचा प्रश्न. त्यासाठी लांब जायला नको. मंगळवेढ्याहून दक्षिणेला तासा-दोन तासांवर कर्नाटक सुरू होते. तीच माती, तीच मालदांडी. तिथले सरकार हमीभावाने ज्वारी घेते आणि उत्तरेकडच्या जिल्ह्यांत रेशनवर वाटते. दक्षिणेत नाचणी वाटते. ओडिशाने २०१७पासून आदिवासी भागात नाचणीचे तसेच केले. अडचणी तिथेही आहेत: खरेदी केंद्रे उशिरा उघडतात, साठवलेला माल किडतो, व्यापारी मधे घुसतात. पण पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला गिऱ्हाईक ठाऊक असते. महाराष्ट्रात मालदांडीचा हमीभाव दरवर्षी जाहीर होतो, आणि फेब्रुवारीत माल निघाला की बहुतेक शेतकरी तो घेऊन अडत्याकडेच जातात. पंजाबात भूजल भरणाच्या दीडपटीहून अधिक उपसले जात आहे, हे केंद्राचेच आकडे. तिथून धान्य आणायचे, आणि इथे केवळ ओलीवर येणारे धान्य हमीने घ्यायला कोणी नाही म्हणून शेतकऱ्याने त्या जमिनीवर बोअर मारून ऊस लावायचा: ही व्यवस्था कोणा एकाच्या दुष्टपणाने झालेली नाही. ती खरेदीच्या वहीने झालेली आहे. वही बदलायची तर पहिली नोंद सोलापूर, धाराशिव आणि बीड या तीन जिल्ह्यांतल्या शाळांची करता येईल. आठवड्यातून दोन दिवस खिचडीऐवजी भाकरी, आंबील, बरोबर हरभऱ्याची उसळ. भाकऱ्या थापायला गावातल्याच बायका, पण खिचडीच्या मानधनात नव्हे. भाकरीच्या कष्टाचा दर वेगळा लावावा लागेल.